पोरगा बापाकडं, पोरगी आईकडं

आमच्या मुलांची वाटणी लोणी भापकरला, माझ्या माहेरच्या ओसरीवर झाली. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसली होती. नवरा आणि मी वेगळे होणार हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. प्रश्न मुलांचा होता. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सात.

मी तयारीनं गेले होते. बारामतीच्या एमआयडीसीत दूध तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे पाळ्या, शाळा, रिक्षा, आजारपणात कोण थांबणार, सगळं मांडून नेलं होतं. दोघं माझ्याकडे राहतील, सुट्टीत पळसदेवला वडिलांकडे जातील. माझं मागणं एकच होतं : दोघांना एकमेकांपासून तोडू नका.

मी बोलायला लागले तसे नवऱ्याचे चुलते, तात्या, हसले. "सूनबाई, हे पोरांचं हाय का कारखान्याच्या पाळ्यांचं?" बाकीचेही हसले. मग ते म्हणाले, "सोपं हाय. पोरगा बापाकडं, पोरगी आईकडं. वारस जमिनीवर राह्यला पायजे."

"आणि तात्या, भावा-बहिणीनं भेटायचं कधी?"

"राखीला येतीलच की. पळसदेव काय परदेशात हाय व्हय?"

स्टँप पेपर त्यांनी आधीच टाईप करून आणला होता. माझे वडील खाली बघत म्हणाले, "कर सही, बाय. कोर्टाच्या पायऱ्या चढायला नकोत." आमच्याकडे असा कागद झाला, चार माणसांच्या सह्या पडल्या, की सोडचिठ्ठी झाली असंच धरतात. मीही तेच धरलं. जूनमध्ये मुलाचं नाव पळसदेवच्या शाळेत घातलं गेलं.

वर्ष उलटल्यावर, कंपनीनं कागदांसाठी घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम मागितला, तेव्हा बारामतीत एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी तो स्टँप पेपर वाचला. "हा घटस्फोट नाही. तुम्ही अजून नवरा-बायकोच आहात. आणि मुलांचा ताबा असा बैठकीत ठरत नाही, तो कोर्ट ठरवतं."

मला हायसं वाटलं. "म्हणजे मुलगा परत मिळेल?"

"तिकडं कधीपासून आहे?"

मी सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्यापुढं सरकवली. "कोर्टापुढं या कागदाला किंमत नाही, ताई. पण मूल कुठं रुळलंय, याला आहे. बैठकीच्या आधी यायला हवं होतं."

ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला. तारखा पडत गेल्या. तेवढ्यात मुलाची भाषा बदलली, 'इथं'चं 'हितं' झालं. तिकडच्या आजोबांबरोबर, त्याच्या आबांबरोबर, तो धरणाच्या पाण्यावर मासे धरायला, जाळं टाकायला जाऊ लागला. शेवटी न्यायाधीशांनी त्याला एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आला आणि सरळ आजोबांच्या शेजारी जाऊन बसला.

आत तो काय म्हणाला ते वकीलबाईंनी नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "मला आबांजवळच राहायचंय. बहिणीला तिकडं पाठवता येईल का?"

माझंच मागणं होतं ते. फक्त त्यात मी नव्हते.

मुलीला मी विचारलं, दादाकडे राहायला जाशील का, तर ती म्हणाली, "तू येणार असशील तर." हुकूम झाला : मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे, एका शनिवाराआड भेट. तात्यांनी ओसरीवर सांगितलं होतं तेच, आता सही-शिक्क्यानिशी.

ओळखीत कुणी वेगळं होतंय असं कळलं की मी दोनच गोष्टी सांगते : बैठकीआधी वकील गाठा, आणि निकाल लागेपर्यंत मुलांची शाळा बदलू देऊ नका.

भेट इंदापूरच्या एसटी स्टँडवर होते. मी पेरू कापून नेते. पूर्वी मोठी फोड कुणाची यावरून दोघं डब्याची ओढाओढ करायची, एकदा झाकणाचा कान तुटला. आता मुलगी डबा पुढं धरते. "तू घे आधी."

"नगं, तू घे."

पाहुण्याला करावा तसा आग्रह करतात. पळसदेवची गाडी लागते, तो चढतो, आणि उरलेल्या फोडी मी तशाच घरी आणते.