मेहुण्यांची उलटतपासणी

उलटतपासणीत आमच्या मोठ्या मेहुण्यांचा हात धरील असा वकील अख्ख्या दुर्ग शहराच्या कोर्टात नाही, हे मी त्यांच्या बहिणीचा नवरा असूनही सांगतो! पद्मनाभपूर वस्तीतल्या त्यांच्या ऑफिसात पक्षकार नावाने नव्हे, भांडणाने ओळखला जातो. एक ‘कुम्हारीचा नाला’, एक ‘कुरुदची शेवग्याची फांदी’. फांदी कुणाच्या कुंपणावर किती वाकली, सगळं तोंडपाठ. त्यांच्या हाताखाली एकच वकील, ती म्हणजे त्यांची लेक. तिला हायकोर्टात वकिली करायला बिलासपूरला जायचं होतं. म्हणाली, "बाबा, तारखा-फायली सांभाळाले एक सॉफ्टवेअर बसवून देते, मंगच जाते."

झालं! भिलाईहून एकेक विक्रेता डेमो द्यायला येऊ लागला आणि मेहुण्यांनी एकेका सॉफ्टवेअरला पिंजऱ्यात उभं केलं. पहिल्यात त्यांनी ‘नाला’ असं टाइप केलं. काहीच निघेना. विक्रेता अदबीने म्हणाला, "सर, क्लायंट का नाम डालिए." मेहुणे कडाडले, "ज्याले साधा नाला सापडत नाही, त्याले मी वकिली सोपवू?" दुसऱ्यात उद्याची तारीख लाल दिसायची. "समोर पक्षकार बसला असते, भेवून जाईल ना तो!" तिसऱ्यात तर खोट काढायला जागाच नव्हती. बराच वेळ पडद्याकडे रोखून बघत शेवटी म्हणाले, "हे लयच हुशार हाय. मलेच दाबून राहिलं." मी पोट धरून हसत होतो, पण लेक बिचारी रडकुंडीला आली.

तेव्हा माझ्या बायकोने तोंड उघडलं. "दादा, तू सॉफ्टवेअर नापास करून राहिला, का पोरीचं जाणं?"

भल्याभल्या साक्षीदारांची बोबडी वळवणारा हा माणूस नुसता चष्मा पुसत राहिला. मला फार वाईट वाटलं हो.

पुढच्या विक्रेत्याला त्यांनी एकच प्रश्न केला, "हे बिलासपूरहून उघडते का?" उघडत होतं. दुसऱ्याच दिवशी बसवून घेतलं.

लेक गेली. तिकडूनही ती बाबांच्या तारखा बघते, अर्ज तपासते. संध्याकाळी मी गेलो की मेहुणे कॉम्प्युटरसमोर असतात, काम काही नसतं. तिने फाइल उघडली की कोपऱ्यात तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. मेहुणे बोलता बोलता थांबतात, मला पडदा दिसावा म्हणून आपली खुर्ची थोडी सरकवतात आणि हळूच म्हणतात, "आली पाहा पोरगी, जवाईबुवा."

मग तो ठिपका विझेपर्यंत ते जेवायला उठत नाहीत.