बांधीतले गमबूट

ओमेशने गोंदियाच्या बाजारात गमबूट घेतले ते आपल्याच पायात घालून बघून. घालायचे होते बायकोला. बारावी पास माणसाची हुशारी. धानाच्या रोवणीच्या पहिल्याच दिवशी प्रेमिलाचा बूट बांधीच्या चिखलात रुतला, पाय मोकळा वर आला आणि ती हातातल्या पऱ्ह्यांच्या रोपांसकट आडवी झाली. बायका हसून हसून वाकल्या. रोवणीत त्या तशाही वाकलेल्याच असतात.

"काऊन जी भाऊजी, बायकोले पोलिसात भरती करून राहिले का?" शेजारची रीता म्हणाली.

ओमेशची आई सुशिलाबाई मात्र हसली नाही. "बांधी लक्ष्मी होय. लक्ष्मीवर कोणी जोड्याचा पाय देते का?"

बूट बांधीच्या कडेला, धुऱ्यावर गेले.

बूट घेण्याचं खरं कारण ओमेशला बायकांत सांगता येईना. प्रेमिलाला चौथा महिना होता. आधी दोनदा पोट पडलं होतं, आणि गाव तिच्या कुशीला नावं ठेवत होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिच्या पायांकडे बोट दाखवलं. चिखलातला बारीक जंत अनवाणी तळव्यातून शिरतो, आतड्याला चिकटतो, रक्त पितो. मग बाईच्या अंगात बाळापुरतं रक्त उरत नाही. जंताची गोळी त्यांनी समोरच गिळायला लावली, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि चिखलात अनवाणी जायला मनाई केली.

"घरीच राह्य," ओमेश म्हणाला.

"रीता आपल्या बांधीत दोन दिवस राबली. तिचे दोन दिवस कोण फेडन, तुमचे बूट?"



रीताच्या बांधीत एक दिवस प्रेमिलाने काढला. दुसऱ्या सकाळी ती धुऱ्यावर बसली. ओठ पांढरे, साडी लाल होत गेलेली. गोंदियाला रक्त चढवलं. बाळ राहिलं नाही.

"मी जाऊ देलो म्हणून झालं का?" त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्याला 'हो' ऐकायचं होतं. निदान पुढच्या खेपेला काय करायचं ते कळलं असतं.

"एका दिवसानं नाही हो. ती लहानपणापासून चिखलात उभी आहे."

रोवणी सरत आली तेव्हा तो पँट दुमडून रीताच्या बांधीवर गेला. "प्रेमिलाचा उरलेला दिवस मी भरतो."

एकही बाई हसली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

"माणसाच्या हातची रोवणी आमी बाया घेत नाई, भाऊजी," रीता हळू म्हणाली. "राहू द्या तो दिवस बाकी. प्रेमिला बरी झाली का पुढच्या साली येईन ते फेडाले."