ज्याचे फासे त्यानेच वाचायचे

ह्यांना लकवा मारला तेव्हा आम्ही सगळे ह्यांच्या उजव्या हाताच्या मागे लागलो. तोंड थोडं वाकडं झालं होतं ते महिन्याभरात सरळ झालं. बोलणं अडखळत का होईना परत आलं. पाय ओढत ओढत हे गच्चीपर्यंत जाऊ लागले. हात मात्र परातीतल्या कणकेच्या गोळ्यासारखा जिथे ठेवाल तिथे पडून राहायचा. रोज सकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी यायची आणि ह्यांना राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावायची. अर्धे दाणे सोफ्याखाली जायचे. मी ते झाडूने ओढून काढायची आणि परत वाटीत टाकायची. बोटं एकदा मिटली की माझा नवरा मला परत मिळाला, अशी माझी पक्की समजूत होती.

हे रेल्वेच्या कंट्रोलमध्ये. म्हणजे कानाला फोन लावून आणि समोरच्या पडद्यांवर नजर ठेवून, कोणती गाडी कुठे थांबवायची आणि मागून येणारी कोणती पुढे काढायची, हे ठरवत बसायचं. एक गाडी किती मिनिटं उशिरा आहे, दुसरी किती, मधलं अंतर किती, हे सगळं डोक्यात. रेल्वेच्या डॉक्टरने पास केल्याशिवाय त्या खुर्चीवर बसता येत नाही. नापास झालं तर नोकरी जात नाही, कुठलं तरी हलकं काम देतात. असं हलकं काम मिळालेले एक गृहस्थ मी पाहिले होते. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे आणि कुणी आलं की उगाच उठून उभे राहायचे. ह्यांना मला तसं बघायचं नव्हतं. डॉक्टरकडे जायचं होतं ते एका सोमवारी, आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ह्यांचे मित्र खेळायला आले.

फासे टाकून गोष्ट पुढे न्यायचा तो खेळ मला कधीच आवडला नाही. पोटं सुटलेले, चष्मे लागलेले तीन पुरुष दर रविवारी दुपारी महाराजपूरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि कुणी जादूगार व्हायचं, कुणी योद्धा. एक ह्यांचा शाळेपासूनचा मित्र, दीक्षितपुऱ्यातला, मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान असलेला. दुसरा बँकेतला, सांगलीहून इकडे हिंदी मुलखात बदलून आलेला, चेरीतालला राहतो. गोष्ट रचून खेळ चालवायचे ते हे. नकाशे काढायचे, राक्षस तयार करायचे, भुयारं खणायचे. घरातला नळ गळतोय तो दुरुस्त करायला मात्र माणूस बोलवावा लागायचा.

पण त्यातली एक गोष्ट मला बघायला गंमत वाटायची, ती म्हणजे पात्र जन्माला घालणं. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, समज आणि लोकांवरची छाप, असे प्रत्येक पात्राचे सहा गुण. प्रत्येक गुणासाठी चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा बाजूला काढायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे तो गुण. फासे पळू नयेत म्हणून माझी कणकेची परात टेबलावर जायची. बाकीच्यांकडे म्हणे वाईट आकडे पडले तर पुन्हा टाकू देतात, गुणांची अदलाबदलही करू देतात. ह्यांच्याकडे नाही. पडलं ते पडलं. आणि ज्याचे फासे त्यानेच वाचायचे, मोठ्याने, सगळ्यांसमोर. दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. दीक्षितपुऱ्याच्या मित्राच्या योद्ध्याला एकदा ताकद इतकी कमी पडली की साधं दार उघडायला त्याला कुणाला तरी हाक मारावी लागायची. त्याने हातापाया पडून पाहिलं, पण हे ढिम्म हलले नाहीत. त्याने तो मरतुकडा योद्धा वर्षभर खेळवला.

आजारानंतरचा खेळाचा तो पहिलाच रविवार होता. खेळ चालवायचं ओझं नको म्हणून ह्या वेळी बँकवाल्यांनी ते आपल्याकडे घेतलं होतं, आणि हे साधं एक पात्र घेणार होते. मी चहा घेऊन आले तेव्हा हे फासे उचलत होते. उजव्या हाताने! चारही फासे मुठीत आले, मूठ हलली आणि परातीत खणखण झाली. ट्रे हातात होता म्हणून, नाहीतर मी टाळ्याच वाजवल्या असत्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"अरे वा, चौदा!" दीक्षितपुऱ्याचे भाऊजी ओरडले.

"चौदा," हे म्हणाले आणि हसले.

पुन्हा फासे पडले. पुन्हा भाऊजींनीच घाईघाईने सांगितलं, "अकरा. चलेगा यार!" हे म्हणाले, "अकरा."

मला त्यांचा राग आला. आजारी माणसाला लहान मूल समजायचं म्हणजे काय! मी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही काहून बोलून राहिले मधे? नियम विसरले काय? ते वाचतील ना त्यांचं ते."

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसायला हवं होतं. पण मला कुठलं कळतंय. मी ट्रे ठेवला आणि हात बांधून उभी राहिले.

तिसऱ्यांदा फासे पडले. दोन सहा, एक पाच आणि एक एक. लहान पोरानेही तो एक उचलून बाजूला ठेवला असता आणि सतरा म्हणून नाचला असता. ह्यांनी प्रत्येक फाशावर बोट ठेवलं. ओठ हलत होते. मग त्यांनी एक सहा उचलला आणि बाजूला ठेवला.

"अकरा," हे म्हणाले.

बँकवाल्यांनी मान खाली घालून अकरा लिहिलं.

"चुकलं काय?" ह्यांनी विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, चुकलं काय?"

"चहा घ्या," मी म्हणाले. "गार होऊन राहिला."

मित्रांनी चहा कसाबसा संपवला. मी दोघांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. बँकवाले नमस्कार करून खाली उतरले. भाऊजी मागे थांबले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, मला फोनवर बोलताना शंका आली होती. पण हात चालून राहिला, बोलणं समजतं. डॉक्टर काय बेरीज विचारून राहिला काय? आपण काहून सांगायचं? एकदा खुर्चीवर बसला की येईल सगळं आपोआप."

मी मान डोलावली. मला ते खरं व्हायला हवं होतं, म्हणून खरं वाटलं.

आत आले तर ह्यांनी फासे एका ओळीत मांडले होते. मी समोर बसले. हे म्हणाले, "एकेक ओळखतो मी. दोन एकत्र आले की सरकतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मला एकदम सगळं दिसायला लागलं. घड्याळ समोर असताना मला वेळ विचारणं. भाजीवाला आला की बाथरूममध्ये जाणं. मी त्याला आजारी माणसाचे नखरे म्हणत होते.

"मग बोलले काहून नाही?" माझा आवाज चढला. "इतके महिने!"

"तू हात पाहून राहिली होती ना," हे म्हणाले. "खूश होती."

मला रडू यायला हवं होतं, पण संताप आला. त्यांच्यावर, त्या राजम्याच्या दाण्यांवर, माझ्यावरही. मी फासे गोळा करून डब्यात टाकले आणि स्पष्ट सांगितलं की उद्या डॉक्टरसमोर ह्या विषयाचं एक अक्षर काढायचं नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. बाकीचं मी बघून घेईन. काय बघून घेणार होते देव जाणे. ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी त्याला होकार समजले.

सोमवारी ह्यांनी स्वतः शर्टाची बटणं लावली. डॉक्टर वयस्क होते, मायेने बोलणारे. त्यांनी डोळे तपासले, रेघेवरून चालायला लावलं, नाव-गाव विचारलं. मग आपली दोन बोटं पुढे केली आणि दाबा म्हणाले. ह्यांनी अशी दाबली की डॉक्टर हसून म्हणाले, "अरे बस, बस, तोड़ोगे क्या!" मीही हसले. आमच्या घरात कित्येक महिन्यांत कुणी असं हसलं नव्हतं. डॉक्टरांनी पास लिहायला पेन उघडलं.

"साहब," हे म्हणाले, "एक जोड़ पूछ लीजिए मुझसे."

डॉक्टरांना गंमत वाटली. "पूछ लेते हैं. सात और आठ?"

हे भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "अच्छा, पाँच और तीन?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितल्यासारखं बघितलेलं मला आठवत नाही. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. मी मान खाली घातली आणि पर्सचा पट्टा घट्ट धरून ठेवला.

"नहीं आ रहा," हे म्हणाले. आजारानंतर इतकं स्वच्छ, न अडखळता ते पहिल्यांदाच बोलत होते. "मुझे गाड़ियाँ मत दीजिए, साहब."