जैतुनाच्या तेलाचा ठसका

निजामाच्या अमलात कळंबच्या कचेरीत एक पेशकार माझ्या शेजारी बसायचे. रोज सकाळी चमचाभर जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल प्यायचे. ठसका लागला की डोळे पुसत म्हणायचे, "घसा जळला म्हंजी तेल अस्सल! काळजाला लई चांगलं." हैदराबादेहून आलेल्या त्या बाटलीला कुणी शिवायचं नाही. झाडूवालीची तर सावली पडली तरी ते आंघोळ करायचे.

एकदा तीच अपुऱ्या दिवसांचं लेकरू घेऊन पायरीखाली आली. "मालिशीला थेंबभर तेल द्या, सरकार."

पेशकारांनी लेकरू मांडीवर घेतलं, तेल चोळलं आणि बाटली तिच्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी चमच्यात करडीचं तेल होतं. ते घशाला लागत नाही. तरी पेशकार खोकले आणि कितीतरी वेळ डोळे पुसत राहिले.