उखळापलीकडची जागा

शहापूरच्या दवाखान्यात लेकीला ऑटिझम आहे हे कागदावर आलं, तेव्हापासून मी जरा भांडकुदळच झालेय. कोणी तिच्याकडे दोनदा पाहिलं तरी माझ्या कपाळावर आठी.

त्यामुळे सिद्धगडाच्या पायथ्याला आत्याकडे हळदीला गेलो, तेव्हा मी पदर खोचूनच गेले होते. मांडवात बँजो, लेकीचे दोन्ही हात कानांवर. सकाळपासून तिच्या पोटात कण नव्हता, माझा जीव त्यातच अडकलेला. पंगत बसली तशी आत्या आली. लेकीला हात न लावता ‘चल’ म्हणाली आणि घरामागच्या पडवीत, उखळापलीकडे, तिचं पान मांडलं.

मी भडकलेच. "माझ्या पोरीला पंगतीतून उठवतेस, आत्या?"

"उठवत नाय गो. ती तुझ्या मोठ्या काकाची जागा हाय."

हा काका माझ्या जन्माआधीच गेलेला. ‘भोळा होता’ एवढंच मी ऐकलेलं. आत्या वाढता वाढता सांगू लागली. गलका झाला की तो इथे यायचा. भाताला वरण लागलं की पानावरून उठायचा, म्हणून त्याचं वरण द्रोणात. पण बियाण्याचं भात निवडायला अख्खा गाव त्यालाच बोलवायचा. ढिगातली वेगळ्या जातीची एक लोंबी त्याला लांबून दिसे.

"कोणी येडा नाय म्हणालं?"

"म्हणायचे की. भगताकडं नेला, पोटावर डाग दिले. तरी बोलंना. मंग बापानं नाद सोडला नि ही जागा सारवून दिली."

ते डाग काही मला माफ करवले नाहीत. तरी त्या अडाणी आजोबांचं मला फार कौतुक वाटलं. त्यांच्याकडे या गोष्टीला नाव नव्हतं, पण चुकत चुकत त्यांनी आपल्या पोराकडे नीट पाहिलं होतं. मी कागद पर्समध्ये घेऊन फिरते आणि लेकीच्या भातावर रोज सवयीने वरण ओतते.

लेकीने वरणाचा द्रोण एका बोटाने लांब सारला. कोरडा भात खायला लागली. मी लगबगीने तिच्या शेजारी बसायला गेले, तर आत्याने अडवलं.

"खेटून नको. तू उखळापाशी बस. आमची आय तितंच बसायची, तो जेवंपर्यंत."

मी उखळापाशी बसले आणि मला रडूच फुटलं. लेकीने माझ्याकडे न बघता रिकामं पान पुढे सरकवलं. तिला अजून भात हवा होता.