बर्फाच्या डोंगरावर मूठभर मीठ

नववीत असताना आमच्या अंधेरीच्या शाळेत भूगोलाचं प्रदर्शन भरलं आणि आमच्या गटाच्या वाट्याला बर्फाने झाकलेला ज्वालामुखी आला. बर्फ आम्ही पाहिलेला तो उसाच्या रसात, नाहीतर मासळीवर. पण गटात वेसाव्याची एक कोळ्याची मुलगी होती, तिची आई बाजारात मासळी विकायची, त्यामुळे बर्फाची काळजी नव्हती. काळजी होती ती त्या मुलीचीच. सहामाहीत ती भूगोलात नापास झाली होती. आईने स्पष्ट सांगितलं होतं, वार्षिकला नापास झालीस तर शाळा बंद, माझ्या शेजारी मासळीची पाटी घेऊन बसायचं. बाईंनी प्रदर्शनाचे वीस मार्क वार्षिक परीक्षेत धरायचं कबूल केलं, पण अट घातली. परीक्षकांना माहिती तिनेच सांगायची.

गटप्रमुख मी. वडील मरोळच्या एका कारखान्यात होते, त्यांनी जुन्या खोक्याचं फळकूट आणून दिलं. त्यावर कागदाच्या लगद्याचा डोंगर उभा केला, माथ्यात पत्र्याचा डबा बसवला, उतारावर तांबडी माती आणि शेगडीची राख थापली, दोन नद्या कोरल्या. डब्यात उकळतं पाणी ओतलं की बाहेरचा बर्फ वितळणार आणि चिखल नदीतून गावात येणार. बाई म्हणाल्या होत्या, अशा डोंगराखालच्या लोकांना लाव्हापेक्षा या चिखलाचीच भीती जास्त.

भांडण झालं ते गावावरून. काड्यापेट्यांची घरं मी दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर मांडली होती.

"इथे कोण राहील गं?" ती म्हणाली. "पाणी काय तुझा बाप वर चढवणार?"

"दिसतं छान."

"छान दिसायला कोण घर बांधतं? शेती खाली, पाणी खाली, सपाट जागा खाली. गाव पण खालीच असणार ना."

तिने घरं उचलून नदीकाठी लावली. बाईंनीही तिचंच बरोबर ठरवलं. मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले.

प्रदर्शनाच्या सकाळी तिची आई गोणपाटात बर्फ घेऊन आली. फोडलेला बर्फ तिने स्वतःच्या हाताने शिखरावर दाबून बसवला. "आता हात लावू नका, तासभर हलायचा नाय," असं बजावून ती बाजारात गेली. मग निरोप आला की परीक्षक उशिरा येणार. आमची वेसाव्याची मैत्रीण शेजारच्या वर्गात पाठांतर करत होती. मी एकटी. वेसाव्याला कोळ्यांना मासळीच्या पेटीत बर्फावर मीठ फेकताना मी पाहिलं होतं. म्हणजे मिठाने बर्फ टिकतो, असा हिशेब करून मी शिपायाकडून खडे मीठ आणलं आणि सगळ्या शिखरावर पसरलं.

ती परत आली तेव्हा डोंगर धो धो वाहत होता.

"काय टाकलंस?"

"मीठ. तुम्ही टाकता ना."

"आम्ही बंद पेटीत टाकतो गं, गार व्हायला. असं उघड्यावर मीठ टाकून बर्फ राहतो होय? वाट लावलीस माझी."

तेवढ्यात परीक्षक दारात. माझ्या हातात उकळत्या पाण्याची किटली तशीच भरलेली, शिखर अर्धं बोडकं, आणि तीन घरं चिखलात आडवी.

"ज्वालामुखी ना हा?" ते म्हणाले. "मग लाव्हा कुठे?"

ती पुढे झाली. "लाव्हा अजून आतच आहे, सर. गाव आधीच गेलं."

त्यांनी चष्मा वर केला. ती सुटलीच मग. "डोंगर नुसता तापला तरी वरचा बर्फ वितळतो, सर. राख, माती, दगड, सगळं घेऊन नदीतून खाली येतो. माणूस पळून पळून किती पळणार?"

"मग लोक नदीकाठी राहतातच कशाला?"

"कुठे राहतील? पाणी तिथं, पिकाची जमीन तिथं. आम्हाला पण सगळे विचारतात, समुद्राला चिकटून कशाला राहता."

ते हसले. "बरं, मग करायचं काय?"

"पाणी गढूळ झालं, नदीचा आवाज बदलला, की सामान सोडायचं आणि इथे चढायचं." तिने बोट ठेवलं ते नेमकं माझ्या उंचवट्यावर.

परीक्षक माझ्याकडे वळले. "बर्फ एवढ्यात कसा वितळला?"

"मी मीठ टाकलं."

"कशाला?"

"टिकावा म्हणून."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तिला वीसपैकी अठरा मिळाले, मला अकरा.

वार्षिकला ती भूगोलात चार मार्कांनी वर निघाली. निकाल घेऊन आम्ही दोघी थेट बाजारात गेलो. आईने पापलेट बाजूला ठेवलं, हात धुतले, प्रगतिपुस्तक हातात न घेताच वाकून पाहिलं. "म्हणजे पाटी अजून वरीसभर मलाच एकटीला उचलायची," ती करवादली, पण अशा आवाजात की सगळ्या रांगेला ऐकू जावं. शेजारच्या कोळणीने काय झालं विचारलं. आईने सांगितलं, पोरगी पास. पलीकडचीने विचारलं तेव्हा चांगल्या मार्कांनी पास झाली होती. रांगेच्या टोकाला बातमी पोचेपर्यंत ती शाळेत पहिली आली होती, आणि आम्ही दोघींनीही कोणाला दुरुस्त केलं नाही.