गाडीचं नाक वर आलं

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड आहे, तिच्यामागच्या दोन खोल्यांत हो-दादा राहतो. हे नाव गल्लीनं ठेवलं, आणि अगदी विचार करून ठेवलं. शेड त्याच्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाची. त्या भावाला बहिणीपासून पानवाल्यापर्यंत सगळे दादा म्हणतात. तो काहीही बोलला की याच्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडायचे: "हो, दादा." 'मुलगी पसंत आहे का?' असं दादानं विचारलं तेव्हा ही सवय लागली, ती पुढे सुटलीच नाही, असं गल्लीतल्या बायकांचं म्हणणं. त्या उगाच काही बोलत नाहीत. निदान सगळ्याच उगाच बोलत नाहीत.

घरात जायचं तर शेडमधूनच. शेडमध्ये गाडी उभी असली की पोट आत ओढायचं, भिंतीला पाठ घासायची आणि आरशाखालून वाकून पलीकडे निघायचं. हो-दादाची बायको धुण्याची बादली डोक्यावर धरून ही कसरत रोज करते. शेजारणी मात्र दारातूनच हाक मारून परततात. एकीला मध्येच अडकल्याचा अनुभव आहे, पण तिच्या शरीरयष्टीबद्दल इथे लिहिणं बरं नव्हे.

तर या शेडमध्ये दादाचा ट्रक आला. मुळात भाजी वाहायची साधी, गरीब गाडी. दादानं आधी तिला खालून लोखंडी ठोकळे देऊन चांगली वीतभर उंच केली, का तर सिग्नलला सगळ्यांच्या टपावरून बघता यावं. मग भंगारात निघालेल्या बसचं इंजिन तिच्या छाताडात बसवलं. ससा तोच, मुंडकं तेवढं बैलाचं. ब्रेक मारला की नाक रस्त्याला टेकवायची. स्टेअरिंग सरळ धरावं तर ती आपल्या मनानं डावीकडच्या दुकानांची चौकशी करायची. वळणावर तर अशी कलायची, की आत बसलेला माणूस आपोआप देवाचं नाव घ्यायचा.

हो-दादाचं सगळं आयुष्य गाड्यांच्या खाली गेलं. स्प्रिंगचे पाटे, शॉकअप, एक्सल हेच त्याचं आभाळ. पाठीवर सरपटत तो ट्रकखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"झोपलात का, जावईबापू?" दादानं टायरवर लाथ मारली.

"नाही, दादा. पुढचे पाटे इंजिनाच्या वजनानं पार सपाट झालेत. जाड पाटे घालू. शॉकअप बदलू. कलू नये म्हणून दोन चाकांमध्ये आडवी सळई टाकू. बॅटऱ्या मागे नेऊ, म्हणजे नाकावरचा भार कमी होईल. आणि..." इथे त्यानं पाना खाली ठेवला. "आणि ठोकळे काढू. वजन जड आणि वर उंची, हे जमत नाही. मागच्या खेपेला घाटात आतलं चाक उचललं होतं."

"सगळं करा. ठोकळ्यांना हात लावायचा नाही. रविवारी ताईकडे जायचंय. तुमची बायको पुढे माझ्याशेजारी बसेल, तुम्ही मागे हवा खा."

ताई म्हणजे दोघा भावंडांची मोठी बहीण. तिचं घर घाटाच्या माथ्यावर. तिथली वळणं हो-दादाला तोंडपाठ होती आणि ते उचललेलं चाक तो अजून विसरला नव्हता. तोंडून मात्र काय बाहेर पडलं, ते सांगायची गरज नाही.

काम त्यानं जीव ओतून केलं. ठोकळे ठेवायचेच आहेत ना, मग बाकी इतकं चोख करू की घाटाची भीतीच राहायला नको. शनिवारी जॅक काढला तेव्हा गाडी ताठ उभी होती. दादानं बोनेट दोन्ही हातांनी दाबून बघितलं. हललं नाही. "वा! याला म्हणतात काम!" म्हणत तो आत चढला, रिव्हर्स टाकला आणि धाडकन आवाज झाला.

दारावरच्या लोखंडी तुळईला केबिनचा टप ठोकला होता.

आत येताना गाडी नाक खाली घालून आली होती, म्हणून दारातून बोटभर अंतर राखून निसटली. आता नाक वर आलं होतं. आयुष्यभर गाडीच्या खालीच बघणाऱ्या माणसाला दाराची उंची वर बघून मोजायचं सुचलंच नव्हतं. निदान तो तरी तसं म्हणतो.

गल्ली जमली. असल्या वेळी गल्ली कधीच कामात नसते. कोणी म्हणालं, टायरमधली हवा सोडा. सोडली. तरी तीन बोटं कमी. कोणी म्हणालं, पुढे वजन टाका. मग पानवाला, शिंपी, शिंप्याचे सासरे आणि ती मघाची शेजारीण असे सगळे मानानं बोनेटवर बसले. गाडी तसूभर खाली गेली.

"फारच पक्के पाटे घातलेत हो!" शिंपी वरून म्हणाला.

"उतरा सगळे!" दादा ओरडला. "जावईबापू, जुने पाटे परत घाला. उद्या तशीच नेतो. घाटात मी सांभाळतो."

हो-दादा भिंत आणि ट्रकच्या मध्ये उभा होता. पाठीला भिंत, छातीला आरसा. त्याच्या शेजारी, त्याच चिंचोळ्या जागेत, बायको बादली घेऊन थांबलेली. पुढे सरकायला जागा नाही, मागे जायला वाट नाही. गल्लीनं नेहमीचे दोन शब्द ऐकायला कान टवकारले.

"घालतो," तो म्हणाला. "पण मग ही त्यात बसणार नाही."

"काय?"

"जुन्या पाट्यांवर, एवढ्या उंचीवर, घाटात. माझी बायको बसणार नाही. ठोकळे काढले तर गाडी दारातूनही निघेल आणि वळणावरही टिकेल. नाहीतर राहू दे इथेच."

"शेड कोणाची आहे, माहीत आहे ना?"

"तुमची. आम्ही रोज तुमच्याच गाडीला घासून आत जातो, दादा. विसरणार कसं?"

शेजारून बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "मी बसणार नाही, दादा," बायको म्हणाली. "ताईला कळव, भाऊ एकटाच येतोय आणि गाडी शेडमध्ये अडकली म्हणून चालत येतोय."

दादा केबिनमध्ये जाऊन बसला, काच वर केली. रुसलेला माणूस आत आणि दार तुळईनं अडवलेलं. चहा आला, तेवढ्यापुरती काच उतरली आणि पुन्हा चढली. उन्हं कलायला लागली तशी काच इंचभर खाली आली.

"काढा मेले ते ठोकळे."

रविवारी गाडी घाटात एखाद्या शहाण्या सुनेसारखी खालमानेनं चढली, असं ताईच्या शेजाऱ्यांकडून कळलं. दादा तिथे सगळ्यांना सांगत होता, "उंची कमी करायची आयडिया माझीच."

आणि परत आल्यावर त्यानं ट्रक कुठे लावला? तिथेच, त्याच शेडमध्ये. बायको अजून बादली डोक्यावर धरून जाते. फक्त परवा दादा म्हणाला, "जावईबापू, याहून मोठं इंजिन मिळतंय. बसवू या?" तेव्हा ट्रकखालून आधी पान्याची ठकठक ऐकू आली.

मग आवाज आला, "बघू, दादा."